टाक्यांचा हर्निया आणि तोंडाची कोरड : उपचारांनी मागे ठेवलेल्या दोन व्याधी

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि वर्षानुवर्षे चालणारी औषधे यांनी असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढवले. पण या उपचारांनीच मागे ठेवलेल्या काही व्याधींकडे मूळ रोगाइतक्या गांभीर्याने पाहिले जात नाही. पोटावरील शस्त्रक्रियेच्या व्रणातून काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवणारा हर्निया आणि औषधांमुळे वा किरणोपचारांमुळे तोंडाला पडणारी सततची कोरड या अशाच दोन व्याधी होत. त्यांची शरीरातील स्थाने वेगळी आहेत आणि त्यांवर उपचार करणारे तज्ज्ञही वेगळे आहेत. तरीही दोहोंचा एकत्र विचार करण्यास सबळ कारण आहे. दोन्ही व्याधी मूळ उपचाराच्या वेळी घेतलेल्या काळजीने बऱ्याच अंशी टळतात, दोन्ही साध्या प्रश्नांनी आणि साध्या तपासणीने ओळखता येतात, आणि ‘जीव वाचला, आता एवढे चालायचेच’ या समजुतीपोटी रुग्ण त्यांविषयी सांगत नाही व डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून दोन्ही वाढत राहतात. त्यांची कारणे, ओळख, प्रतिबंध आणि उपचार यांविषयी आज काय ज्ञात आहे, याचा आढावा येथे घेतला आहे.

पोटाची भिंत आणि तिची शिवण

पोटाच्या पुढच्या भिंतीत मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना दोन उभे स्नायू असतात, बाजूंना एकावर एक असे स्नायूंचे तीन थर असतात आणि या सर्वांना वेढणारे पांढरट, चिवट आवरण असते, त्याला फॅशिया म्हणतात. दोन्ही बाजूंची आवरणे मध्यरेषेवर एकमेकांत गुंफली जाऊन जो पट्टा तयार होतो, ती श्वेतरेषा. खोकताना, शिंकताना, कुंथताना किंवा वजन उचलताना पोटात निर्माण होणारा दाब मुख्यतः स्नायू आणि हे आवरण पेलतात. त्वचा आणि तिच्याखालची चरबी यांचा त्यात फारसा वाटा नसतो. म्हणूनच वरची जखम उत्तम भरून आली, टाके निघाले आणि व्रण जवळजवळ दिसेनासा झाला, तरी आत आवरणाची शिवण उसवलेली असू शकते. अशा उसवलेल्या जागेतून पोटाच्या आतले पातळ अस्तर पिशवीसारखे बाहेर येते आणि त्या पिशवीत वपा, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा, किंवा प्रत्यक्ष आतडे उतरते. मराठीत हर्नियाला अंतर्गळ असा जुना शब्द आहे. शस्त्रक्रियेच्या छेदातून झालेल्या अंतर्गळाला छेदजन्य हर्निया म्हणतात आणि बोलण्यात तो टाक्यांचा हर्निया म्हणून ओळखला जातो.

मध्यरेषेवर उभा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर साधारणपणे १० ते २० टक्के रुग्णांत असा हर्निया आढळतो आणि अतिजोखमीच्या रुग्णांत हे प्रमाण याहूनही अधिक असते. बहुसंख्य हर्निया पहिल्या तीन वर्षांत दिसू लागतात, मात्र त्यानंतरही नवे हर्निया उद्भवत राहतात. आवरणाला रक्तपुरवठा बेताचाच असल्याने ते सावकाश भरते. पहिल्या काही आठवड्यांत शिवणीचा जवळजवळ सगळा भार धाग्यावरच असतो, पुढे कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची वीण हळूहळू बळकट होते, पण भरलेल्या आवरणाला मूळची पूर्ण ताकद पुन्हा कधीच येत नाही. या कारणाने आवरण शिवण्यासाठी पटकन विरघळणारा धागा टाळून अनेक महिन्यांनी विरघळणारा पॉलिडायॉक्झॅनोनसारखा धागा वापरावा, असे मत आज सर्वमान्य आहे.

शिवण उसवण्याच्या कारणांत जखमेत पू होणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण जंतुसंसर्गाने ऊती मऊ पडतात आणि टाके त्यांना कापत जातात. लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान, कुपोषण, स्टेरॉइडसारखी औषधे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीसाठी द्यावा लागणारा जोर, तातडीने करावी लागलेली शस्त्रक्रिया आणि त्याच जागी पुन्हा घेतलेला छेद ही इतर कारणे होत. पोटातील महाधमनीला फुगवटा आलेल्या रुग्णांत हा हर्निया विशेष अधिक आढळतो आणि त्यावरून काही व्यक्तींच्या संयोजी ऊतींतच मूळचा दुबळेपणा असावा, असे मानले जाते.

भारतीय रुग्णालयांत या हर्नियाने त्रस्त असलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, कारण सिझेरियन, गर्भाशय काढणे आणि कुटुंबनियोजन या शस्त्रक्रियांसाठी बेंबीखाली उभा छेद घेण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. ओटीपोटावर आडवा छेद घेतल्यास हा धोका बराच कमी होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या प्रश्नाला ही बाजूही आहे : जो छेद अनावश्यक म्हणून टळतो, त्याच्याबरोबर त्यातून संभवणारा हर्नियाही टळतो, आणि मोळ्या उचलून पोट भरणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पोटाच्या भिंतीचे बळ ही तिच्या रोजगाराचीच गोष्ट असते.

शिवण्याच्या पद्धतीचा विचार

आवरण कसे शिवावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु या विषयातील सर्वांत आश्वासक संशोधन त्याच प्रश्नावर झाले आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद जेन्किन्स यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर पोट फुगले की छेदाची लांबी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, म्हणून शिवणीत वापरलेल्या धाग्याची लांबी छेदाच्या लांबीच्या किमान चौपट असली पाहिजे. धागा याहून कमी लागला तर तो ताणला जाऊन ऊतींना कापतो. स्वीडनमधील सुंड्सवाल येथील शल्यचिकित्सकांनी हा विचार पुढे नेला. कडेपासून एक सेंटिमीटरहून अधिक अंतरावर घेतलेल्या मोठ्या टाक्यांत आवरणाबरोबर चरबी आणि स्नायूही आवळले जातात, ते पुढे सुकून टाका सैल पडतो आणि दोन्ही कडा एकमेकींपासून दूर सरकतात. याउलट कडेपासून पाच ते आठ मिलिमीटरवर, फक्त आवरणात, जवळजवळ घेतलेले लहान टाके घट्ट राहतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७३७ रुग्णांच्या चाचणीत हर्नियाचे प्रमाण मोठ्या टाक्यांच्या गटात १८ टक्के, तर लहान टाक्यांच्या गटात ५.६ टक्के भरले. नेदरलँड्समधील ५६० रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, एका वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे २१ आणि १३ टक्के होते. लहान टाक्यांना काही मिनिटे अधिक लागतात, पण त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयातही ही पद्धत पाळता येण्याजोगी आहे.

अतिजोखमीच्या रुग्णांत पहिल्याच शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिबंधक जाळी बसवावी का, याचाही अभ्यास झाला आहे. लठ्ठ किंवा महाधमनीचा फुगवटा असलेल्या ४८० रुग्णांच्या २०१७ मधील चाचणीत दोन वर्षांनंतर हर्नियाचे प्रमाण नुसत्या टाक्यांनी ३० टक्के, स्नायूमागे ठेवलेल्या जाळीने १८ टक्के आणि आवरणावर ठेवलेल्या जाळीने १३ टक्के आढळले. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेतही १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राचे आवरण न शिवल्यास तेथे हर्निया होऊ शकतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

हर्नियाची ओळख

या हर्नियाची पहिली खूण म्हणजे व्रणावर किंवा त्याच्या शेजारी उभे राहिल्यावर, खोकल्यावर वा जोर केल्यावर दिसणारा आणि आडवे झाल्यावर आत जाणारा फुगवटा. त्याबरोबर ओढ बसल्यासारखे वाटणे, दिवस मावळेपर्यंत वाढत जाणारे दुखणे, मोठ्या हर्नियात पाठदुखी आणि वरची त्वचा पातळ होऊन चिघळणे ही लक्षणे असतात. रुग्णाला आधी उभे करून खोकायला सांगावे, नंतर उताणे झोपवून मान उचलायला लावावी आणि बोटांनी आवरणातील भोकाच्या कडा चाचपाव्यात; एवढ्याने बहुतेक वेळा निदान होते. बाळंतपणानंतर दोन उभे स्नायू एकमेकांपासून दुरावल्यामुळे मध्यरेषेवर जो लांबट उंचवटा दिसतो, त्यात आवरण ताणलेले पण अखंड असते. तो हर्निया नव्हे आणि त्यात आतडे अडकण्याचा धोका नसतो. लठ्ठ रुग्णात, एकाहून अधिक भोकांची शंका असताना आणि शस्त्रक्रियेचे नियोजन करताना सीटी स्कॅन उपयोगी पडतो. युरोपीय हर्निया संघटनेने २००९ मध्ये केलेल्या वर्गीकरणात भोकाची जागा, रुंदी आणि हर्निया पुन्हा झालेला आहे का, या तीन गोष्टी नोंदवल्या जातात. रुंदी चार सेंटिमीटरपेक्षा कमी, चार ते दहा आणि दहाहून अधिक असे तीन वर्ग त्यात आहेत.

नेहमी आत जाणारा फुगवटा अचानक घट्ट व दुखरा होऊन आत जाईनासा झाला, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, वारा व शौच बंद झाले किंवा वरची त्वचा लाल पडली, तर आतडे अडकले आहे किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटत आहे असे समजून रुग्णाला त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेले पाहिजे. अशा वेळी फुगवटा चोळून आत ढकलणे, त्यावर शेक देणे किंवा पट्टा आवळणे घातक ठरते. लहान तोंडाच्या हर्नियात हा धोका अधिक असतो, म्हणून फुगवटा लहान आहे एवढ्यावरून निश्चिंत राहणे योग्य नव्हे.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेत

हा हर्निया औषधाने वा व्यायामाने बुजत नाही, आणि पोटाचा पट्टा त्रास कमी करतो, पण भोक बंद करत नाही. तरीही प्रत्येक रुग्णाची लगेच शस्त्रक्रिया करावी असे नाही. ज्याला फारसा त्रास नाही किंवा ज्याचे हृदय वा फुप्फुस भूल सोसण्याइतके सक्षम नाही, त्याच्या बाबतीत धोक्याच्या खुणा समजावून सांगून नियमित तपासणी करत राहणे रास्त ठरते. शस्त्रक्रिया ठरली, तर आधीचे आठवडे तयारीचे असतात : तंबाखू व धूम्रपान किमान चार आठवडे बंद, मधुमेह आटोक्यात, शक्य तेवढे वजन कमी, आहारात पुरेशी प्रथिने आणि खोकला, बद्धकोष्ठ व लघवीचा अडथळा यांवर उपचार. ही तयारी टाळली तर ज्या कारणांनी पहिली शिवण उसवली, तीच कारणे दुसऱ्या शिवणीपुढेही उभी राहतात.

एकेकाळी भोक नुसते टाके घालून बंद केले जाई. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी कृत्रिम धाग्यांची जाळी वापरात आणली आणि तिचे महत्त्व पुढे नेदरलँड्समधील चाचणीने सिद्ध केले : २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण टाक्यांनंतर ४३ टक्के आणि जाळीनंतर २४ टक्के होते, तर दहा वर्षांनंतर ते ६३ आणि ३२ टक्क्यांवर गेले. हे आकडे जाळीचा फायदा दाखवतात, तसेच एकदा झालेला हर्निया कायमचा मिटवणे किती कठीण असते, हेही सांगतात. प्रतिबंधाचे मोल त्यातूनच कळते. जाळी आवरणावर, स्नायूच्या मागे किंवा पोटाच्या आत ठेवता येते. फ्रान्समधील रिव्ह्ज आणि स्टोपा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ती स्नायूच्या मागे असते, त्यामुळे आतला दाबच तिला भिंतीशी चेपून धरतो आणि आतड्याशी तिचा संबंध येत नाही. १९९३ मध्ये वर्णन झालेल्या दुर्बिणीच्या पद्धतीत जाळी आतून बसवतात. तिची आतड्याकडची बाजू विशेष थर देऊन न चिकटणारी केलेली असते. फार रुंद भोकांसाठी स्नायूंचे थर एकमेकांपासून सुटे करून मध्यरेषेकडे सरकवण्याची पद्धत रामिरेझ यांनी १९९० मध्ये मांडली. जाळीभोवती पाणी साठणे, जंतुसंसर्ग आणि चिवट दुखणे हे या शस्त्रक्रियांचे धोके असून रुग्णाला त्यांची आधी कल्पना दिली पाहिजे.

लाळ आणि तिचा अभाव

पोटाच्या भिंतीचे महत्त्व जसे ती उसवल्यावर कळते, तसे लाळेचे महत्त्व ती आटल्यावर कळते. कानांपुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल व टाळूतील शेकडो सूक्ष्म ग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. ही लाळ घास ओला करते, चव जिभेपर्यंत पोहोचवते, आम्लाचा प्रभाव कमी करते, दातांना कॅल्शियम व फॉस्फेट पुरवते आणि आपल्यातील प्रथिनांनी जंतू व बुरशी यांना आवर घालते. येथे दोन संज्ञांतील भेद महत्त्वाचा आहे. कोरड ही रुग्णाला होणारी जाणीव आहे, तर लाळन्यूनता हे मोजून ठरवायचे लक्षण आहे : काही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटरपर्यंत किंवा त्याहून कमी लाळ येत असेल, तर तिला लाळन्यूनता म्हणतात. लाळ पुरेशी असूनही कोरड जाणवू शकते आणि लाळ घटूनही तक्रार नसू शकते, म्हणून जाणीव विचारणे आणि लाळ मोजणे ही दोन्ही कामे करावी लागतात.

कोरडीचे सर्वांत सामान्य कारण औषधे हे आहे. नैराश्यावरची व झोपेची काही औषधे, सर्दी व ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या आणि लघवी रोखणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि मॉर्फीन वर्गातील वेदनाशामके अशी शेकडो औषधे लाळ घटवतात, आणि वृद्ध रुग्ण त्यांतील तीन-चार औषधे एकाच वेळी घेत असतो. अनियंत्रित मधुमेह, पाणी कमी पडणे, तोंडाने श्वास घेणे आणि स्योग्रेनचा विकार ही इतर कारणे होत. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ व अश्रुग्रंथींवर उलटते आणि रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे नऊपट असते. भारतात, विशेषतः तंबाखू आणि सुपारीमुळे तोंडाचा कर्करोग जेथे अधिक आहे अशा भागांत, किरणोपचारांनंतरची कोरड हा मोठा प्रश्न आहे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लाळ घटू लागते आणि ग्रंथींना पोहोचलेली मात्रा मोठी असल्यास ती पूर्ववत होत नाही.

कोरडीची ओळख

अमेरिकेतील फिलिप फॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की काही नेमके प्रश्न लाळेची खरी घट ओळखण्यास उपयोगी पडतात : कोरडा घास गिळायला पाणी लागते का, जेवताना तोंड कोरडे पडते का, गिळताना त्रास होतो का, लाळ फार कमी वाटते का. मराठी रुग्णाला हेच विचारायचे, तर पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरतो का, असे विचारावे. तपासणीत आरसा गालाला चिकटतो, लाळ फेसकट किंवा तंतूसारखी दिसते, जीभ गुळगुळीत वा भेगाळलेली असते, हिरडीलगत आणि दातांच्या मुळांशी कीड दिसते, ओठांचे कोपरे चिरतात आणि बुरशीमुळे जीभ पांढरी किंवा लालभडक होते. डोळ्यांतही खुपत असेल, तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि गरजेनुसार ओठाच्या आतील सूक्ष्म ग्रंथींचा तुकडा तपासून स्योग्रेनच्या विकाराचा शोध घ्यावा.

कोरडीवर उपाय

उपचाराची पहिली पायरी म्हणजे औषधांची यादी तपासणे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा कमी कोरड आणणारे पर्यायी औषध देणे यानेच अनेकांना आराम पडतो, पण कोणतेही औषध रुग्णाने परस्पर बंद करू नये. पाण्याचे छोटे घोट, ताक किंवा पातळ आमटीबरोबर जेवण आणि साखरविरहित च्युइंगगम चघळणे यांचा उपयोग होतो. खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या किंवा गोड सरबत यांनी क्षणभर बरे वाटते, पण लाळेविना उघड्या पडलेल्या दातांना ती साखर झपाट्याने किडवते. तोंडाला पाणी सुटावे म्हणून सुपारी चघळणे किंवा दातांना मिश्री लावणे तर सर्वथा वर्ज्य होय. सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे आणि मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते. दातांसाठी फ्लोराइडयुक्त पेस्ट, दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप, रात्री कवळी काढून ठेवणे आणि बुरशीवर वेळीच औषध आवश्यक असते. ग्रंथींत थोडी क्षमता उरली असेल, तर पायलोकार्पिनसारख्या औषधाने लाळ वाढवता येते, मात्र घाम व वारंवार लघवी हे त्याचे सामान्य दुष्परिणाम असून अनियंत्रित दमा आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत ते देत नाहीत. ग्रंथी पूर्णपणे निकामी झाल्या असतील, तर कृत्रिम लाळेचा आधार उरतो.

येथेही प्रतिबंध अधिक फलदायी आहे. किरणांची तीव्रता बिंदूगणिक बदलून ग्रंथी वाचवणाऱ्या तंत्राची ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर लक्षणीय कोरड जुन्या पद्धतीने ७४ टक्के, तर नव्या पद्धतीने ३८ टक्के रुग्णांत राहिली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीतही लाळग्रंथींची हानी या तंत्राने कमी झाली. किडलेले दात किरणोपचारांपूर्वी काढणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड न भरता कुजण्याचा धोका असतो.

दोन व्याधी जेथे भेटतात

रुग्णाच्या शरीरात या दोन्ही व्याधी अनेकदा एकमेकींना येऊन मिळतात. कोरड आणणाऱ्या कित्येक औषधांनी बद्धकोष्ठही होतो आणि त्यामुळे द्यावा लागणारा जोर पोटाच्या शिवणीवर येतो. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची औषधे तपासणे दोन्ही अंगांनी हिताचे ठरते. तंबाखू एकीकडे तोंडाची हानी करते आणि तिच्या धुराने होणारा खोकला व मंदावलेली जखम हर्नियाला वाट करून देतात. हर्निया असलेल्या रुग्णाला उलट्या होत असताना जीभ सुकली असेल, तर ती कोरड शरीरातले पाणी घटल्याची आणि कदाचित आतडे अडकल्याची खूण असते. तेथे तोंडाची काळजी घेत बसणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय. शिरेतून द्रव देण्याची सोय आणि प्रतिजैविके नव्हती त्या काळात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तोंड सुकून कानांपुढच्या ग्रंथीत पू होणे ही भयावह गुंतागुंत होती. आज ती विरळा झाली आहे, याचे मोठे श्रेय पुरेसे द्रव आणि तोंडाची स्वच्छता यांना आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत पाणी देणे आणि नंतर च्युइंगगम चघळायला देणे या सध्याच्या रीतींनी तोंड ओले राहते; शिवाय चघळण्याने आतड्याची हालचालही लवकर सुरू होण्यास मदत होते.

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे, पण त्याची अंमलबजावणी अजून सार्वत्रिक नाही. उपचाराचे यश रुग्ण घरी गेला त्या दिवशी मोजून भागत नाही. ते वर्षादोन वर्षांनी, त्याच्या चालण्या-जेवण्यात मोजावे लागते. पोटावर छेद घेतलेल्या प्रत्येक रुग्णाला पुढच्या प्रत्येक भेटीत उभे करून एकदा खोकायला सांगणे, आणि दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या वा किरणोपचार झालेल्या प्रत्येकाला भाकरीचा घास पाण्याविना उतरतो का हे विचारणे, या दोन कामांना मिळून एक मिनिटही लागत नाही. त्या मिनिटात जे कळते, ते कळण्यासाठी एरवी रुग्णाला आतडे अडकेपर्यंत किंवा दात पडेपर्यंत थांबावे लागते.